पिस्तुलाची नळी आणि परवान्यातली ओळ

बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास. .३२ बोअर म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले बत्तीस. माप इतके साधे. पण आपल्या देशात ते कोणी ठरवले आणि कशाच्या भीतीने ठरवले, हे पाहू लागले की मोजपट्टी बाजूला राहते आणि इतिहास पुढे येतो. कारखान्यातली तरुण पोरे अलीकडे नेमबाजीकडे वळू लागली आहेत. त्यांचा प्रश्न असतो : एकाच पिस्तुलाचा बोअर बदलून दोन स्पर्धा खेळता येतील का, आणि तसे करून कायद्यात राहता येईल का? उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८५७ चा उठाव मोडल्यावर सरकारने रयतेची हत्यारे काढून घेतली. पुढे लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. त्यात गोऱ्यांना परवान्यातून सूट होती. जॉन चेसनने वसवलेल्या या आमच्या पाचगणीच्या बंगल्यात साहेब भिंतीवर बंदूक टांगून निर्धास्त झोपे. खाली वाईच्या शेतकऱ्याला डुकरे हाकायलाही सरकारी कागद लागे. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो उगाच नव्हे.

पण खरी मौज पुढेच आहे. साहेबाला परवान्याची अट नव्हती, तरी बोअरची अट त्यालाही सुटली नाही. मार्टिनी-हेन्री ही लष्करी रायफल .४५० बोअरची. तिची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतात, म्हणून १९०७ च्या सुमारास त्या बोअरच्या शिकारी बंदुका हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. लंडनच्या कारागिरांनी काय केले? माप हलवले. .४६५, .४७०, .४७५ अशा नव्या रायफली बाजारात आल्या. वाघाला फरक कळला नसेल. कस्टमच्या कारकुनाला मात्र कळला, आणि तेवढेच पुरेसे होते. .३०३ लष्कराची म्हणून तीही रयतेला वर्ज्य. त्या जागी .३१५ चालू झाली. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे. तिचीच रायफल इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातल्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली.

स्वातंत्र्य आले, १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, १९६२ पासून तो अमलात आला. पण लष्करी बोअर वेगळा आणि नागरी बोअर वेगळा, ही जुनी वाटणी राहिलीच. ९ मिलिमीटर, .४५, .४५५ हे निषिद्ध बोअर; .३२ आणि .२२ सामान्य परवान्यावर मिळणारे. आम्हांस या वाटणीत जुन्या राजवटीचा संशय दिसतो. तरीही ती सरसकट उडवून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. हत्यार गुंडाच्या हाती पडले की पहिला बळी गरीब वस्तीतच पडतो.

आता योगायोग पाहा. सेंटर फायर पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर चालतो. म्हणजे ९ मिलिमीटर खेळाच्या नियमात बसते, आपल्या सामान्य परवान्यात बसत नाही. पण जगातले निवडक नेमबाज या स्पर्धेला बहुधा .३२ च वापरतात. धक्का कमी, आणि सपाट तोंडाची गोळी कागदात स्वच्छ भोक पाडते. भीतीने जे माप आपल्यासाठी उरले, तेच निशाणाला उत्तम निघाले! जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली.

बोअर बदलण्याची कल्पना नवी नाही. मोठे काडतूस महाग, म्हणून सरावापुरती आत बारीक नळी बसवण्याची मॉरिस नळी १९ व्या शतकातच निघाली होती. पिस्तुलात अडचण वेगळी : .२२ च्या काडतुसात जोर कमी, तो .४५ च्या पिस्तुलाचा जड सरकता भाग मागे ढकलीत नाही. अमेरिकेत कोल्ट कंपनीसाठी डेव्हिड विल्यम्सने १९३० नंतरच्या दशकात तरंगता कक्ष काढून तो जोर वाढवला. हा विल्यम्स तुरुंगात शिक्षा भोगताना बंदुकीचे काम शिकलेला माणूस. विद्यापीठाबाहेर शिकलेल्यांची आम्हांस जरा जास्तच आवड आहे, श्रोत्यांनी क्षमा करावी. हल्ली काही कारखाने एकाच सांगाड्यावर .२२ आणि .३२ अशा दोन्ही जोडण्या विकतात. खेळाडू त्या टेबलावरच बदलू शकतो.

येथेच कायदा आडवा येतो. १९५९ च्या अधिनियमात अग्निशस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे पेटीत ठेवलेली नुसती नळीसुद्धा कायद्याच्या लेखी शस्त्रच. पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, रूपांतर करणे यांना स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाच्या भंगाची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली, आणि सामान्य माणसाला ठेवता येणारी शस्त्रे तिनांवरून दोनांवर आणली. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, क्रमांक आणि बोअर लिहिलेला असतो. नळी बदलली आणि ओळ तशीच राहिली, तर पिस्तूल तेच असूनही परवाना त्याचा उरत नाही. आमच्या ओळखीचे निष्णात टर्नर सुताइतका फरक बोटाने सांगतील. त्यांनीही या कामाला लेथ लावू नये. आधी परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज, मग परवानाधारक विक्रेता, नळी सर्वांत शेवटी.

खेळाचे नियमही स्थिर नसतात. रॅपिड फायर पिस्तुलाला २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत .२२ शॉर्ट काडतूस चाले. २००५ पासून .२२ लाँग रायफल आणि घोड्याला किमान १००० ग्रॅम ओढ सक्तीची झाली. लाखमोलाची पिस्तुले एका ठरावाने त्या स्पर्धेपुरती निरुपयोगी झाली. ज्याला नवे घेणे परवडले तो पुढे गेला. लंडनला २०१२ साली विजय कुमार यांनी रौप्यपदक मिळवले ते या नव्या नियमाखाली.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई सुवर्ण जिंकले ते २५ मीटर पिस्तुलात, .२२ वर. भारतीय स्त्रीचे नेमबाजीतले ते पहिले आशियाई सुवर्ण. दादासाहेब मावळंकरांनी १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली; तिच्या छायेखालच्या क्लबांनी दोन्ही बोअरची पिस्तुले आपल्या परवान्यावर ठेवावीत आणि सभासदांना मैदानावर सरावास द्यावीत, अशी आमची मागणी आहे. गिरणीतल्या वा शेतातल्या मुलीला स्पर्धा बदलायची असेल, तर तिने नळी कशाला बदलावी? कपाटातून दुसरे पिस्तूल काढून द्यावे.