परांची, हजेरीपट आणि कायदा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत सोडून घाट चढू लागली की एकामागून एक बोगदे येतात. डब्यात क्षणभर अंधार होतो, मुले ओरडतात, पुन्हा उजेड होतो. बोरघाटातील हा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते. दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचे, सुरुंगाची भोके पाडायची, बत्ती द्यायची असे ते काम. पटकीने, तापाने, दरडीखाली आणि सुरुंगात हजारो माणसे मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने काम तडीस नेले, हे इतिहासाला ठाऊक आहे. मजुरांपैकी मात्र कोणाचेही नाव आपल्याला सांगता येणार नाही.

या कामाला सुरुवात होण्याच्या एकच वर्ष आधी, १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा भारतात झाला होता. दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना दावा लावण्याची मुभा त्याने दिली. पण चूक सिद्ध करायची कोणी? तर त्या विधवेने, दिवाणी न्यायालयात, वकील देऊन. शिवाय इंग्लंडच्या न्यायालयांनी १८३७ पासून एक विचित्र तत्त्व रुजवले होते. अपघात सोबतच्या कामगाराच्या हयगयीने झाला असेल तर मालक जबाबदार नाही, कारण काम पत्करताना कामगाराने तो धोकाही पत्करलेला असतो! परांची बांधणारा आणि परांचीवर चढणारा दोघेही मजूर. मग मालकाच्या अंगाला काही लागण्याचा प्रश्नच कुठे उरला?

हा तर्क मोडला तो १८९७ च्या ब्रिटिश कायद्याने. चूक कोणाचीही असो, कामावर आणि कामामुळे इजा झाली तर भरपाई द्यावी, हे नवे सूत्र त्याने मांडले. बांधकामाच्या बाबतीत मात्र त्याने एक फूटपट्टीही हातात घेतली. परांची बांधून उभारली जाणारी इमारत तीस फुटांहून उंच असेल तरच त्यावरील मजुराला हा हक्क. बुटक्या घराच्या भिंतीवरून पडलेल्या गवंड्याचे हाड तितकेच मोडते, हे कायद्याला १९०६ पर्यंत उमगले नाही.

हिंदुस्थानात हे सूत्र आले ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात होते. या कायद्यातही कोणकोणत्या कामांवरच्या माणसांना भरपाई मिळेल त्यांची यादी होती आणि तीत इमारतींच्या उंचीची अट होतीच. पण त्यातील तीन तरतुदींमागची दूरदृष्टी आजही नजरेत भरते. पहिली अशी की, काम मालकाच्या धंद्याचाच भाग असेल आणि ते ठेकेदाराकडून करवून घेतले असेल, तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. दुसरी, मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. वारसाच्या हाती परस्पर ठेवलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तिसरी, ‘मी हक्क सोडला’ असे कामगाराकडून लिहून घेतले तरी तो कागद रद्दबातल. मुकादमाने पाकीट द्यायचे, अंगठा घ्यायचा आणि प्रेत गावाकडे पाठवायचे, ही रीत कायदा करणाऱ्यांना चांगलीच माहीत असावी.

मग अडले कुठे? माझ्या मते ते हजेरीपटावर अडले. भरपाईचे गणित वयावर आणि मजुरीवर बसवलेले होते. पुढे रूढ झालेल्या सूत्रानुसार मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे. पंचविसाव्या वर्षी तो अंक २१६.९१ होता. पण मासिक वेतन कोणते? नाक्यावरून सकाळी उचललेल्या बिगाऱ्याला मास नाही आणि वेतनही नाही, आहे ती रोजची मजुरी आणि घेतलेली उचल. तो या इमारतीवर होता याचा पुरावा म्हणजे मुकादमाची वही, आणि ती वही मुकादमाच्याच खिशात. त्यातच मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या नैमित्तिक कामावरील माणूस ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नव्हता. घरमालकाने डागडुजीला बोलावलेला गवंडी त्यामुळे बाहेर राहिला. ही अट गेली ती थेट २००० साली. २००९ च्या दुरुस्तीने इंग्रजी नावातला ‘वर्कमन’ जाऊन ‘एम्प्लॉयी’ आला. घमेली वाहणाऱ्या बायका नाव बदलण्यापूर्वीही परांचीवर होत्याच.

न्यायालयांनी या कायद्याचा आशय अनेकदा जपला. ओडिशातील जेपूर येथे १९६८ मध्ये एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की हे अंशतः अपंगत्व. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा या माणसाची कमाईची शक्ती पूर्णच गेली, हा आयुक्तांचा निष्कर्ष त्याने उचलून धरला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असेही सांगितले. हाताची किंमत तक्त्यात पाहण्याआधी तो हात काय करत होता हे पाहावे, असा या निकालाचा अर्थ.

खास बांधकाम मजुरांसाठीचा कायदा झाला १९९६ मध्ये. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर, त्यातून कल्याण मंडळ, मंडळाकडे मजुराची नोंदणी. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडले. नोंदणीसाठी मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. म्हणजे पुन्हा कागद! आज वाकड, उद्या पनवेल, परवा आणखी कुठे, अशा माणसाला नव्वद दिवसांचा दाखला देणार कोण?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९२३ व १९९६ चे हे दोन्ही कायदे त्यांच्या पोटात गेले. भरपाईचे जुने सूत्र सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. सुरक्षेविषयीच्या संहितेने मात्र दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. या इतिहासाच्या दृष्टीने मला हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते, आणि धास्तीही तिच्याविषयीच वाटते. गेल्या शंभर वर्षांत भरपाईचा हक्क कागदावर कधीच फारसा कमी नव्हता. कमी होती ती कागदावरची नावे. सकाळी परांचीवर पाय ठेवण्याआधी त्या माणसाचे नाव, वय आणि मजुरी कोणी लिहून घेतली का, एवढ्यावर संध्याकाळी त्याच्या घरी काय पोचेल ते ठरते. बोरघाटात ते कोणी लिहून घेतले नव्हते.