हा प्रोग्राम 'तोच' कशावरून?

ऑफिसच्या मशीनवर एखादा छोटासा प्रोग्राम डबल-क्लिक करावा आणि "ॲडमिनिस्ट्रेटरने हा बंद केला आहे" अशी पाटी समोर यावी, हे आयटीतल्या कुणालाच नवीन नाही. मग सिस्टिम्सवाल्यांच्या नावाने दोन शिव्या, एक तिकीट, आणि चहा! पण मंडळी, या पाटीलाही इतिहास आहे. आणि तो सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: प्रोग्राम ओळखायचा कशावरून?

विंडोज ९५ आणि एनटी ४.० च्या काळात उत्तर सोपं होतं. नावावरून! परवानगी असलेल्या प्रोग्राम्सच्या फाइलनावांची यादी ॲडमिनने भरायची, बाकी सगळं बंद. आता गेमच्या फाइलचं नाव बदलून 'विनवर्ड' केलं की तोही खुशाल चालू. शिवाय ही चौकशी फक्त एक्सप्लोरर करायचा, कमांड प्रॉम्प्टमधून आलेल्याला कुणी हटकत नसे. सोसायटीचा वॉचमन वहीत लिहिलेलं नाव बघून गेट उघडतो ना, तसंच.

मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाची मेल जगभर फिरली. तिच्यासोबतची स्क्रिप्ट लोकांनी आपल्याच हाताने उघडली होती, हे त्यातलं खरं दुखणं. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, विंडोज एक्सपीत सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज आल्या. आता ओळख पटवायला नावापेक्षा बरंच काही होतं: फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तिचा हॅश काय, सही कुणाची. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच, पण प्रोग्रामचा नवा अपडेट आला की ठसाही नवा. दर अपडेटला यादी कोण बदलणार? म्हणून बहुतेकांना फोल्डरचा नियमच सोयीचा. पण विंडोज फोल्डरच्या पोटातच 'टेम्प' असतो, आणि तिथे साध्या युजरलाही फाइल टाकता येते. झालं!

डिसेंबर २००५ मध्ये मार्क रुसिनोविचने तर मुळावरच बोट ठेवलं. तपासणी होत होती ती प्रोग्राम सुरू करणाऱ्या युजरच्याच प्रोसेसमध्ये. त्या प्रोसेसला "पॉलिसी वगैरे काही नाहीये" असं पटवलं की संपलं, आणि त्याने तसं करणारं टूलच लिहून दाखवलं. (२००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी विकत घेतली, ही गोष्ट वेगळी.)

२००९ मध्ये विंडोज ७ सोबत आलेल्या ॲपलॉकरने प्रोग्रामची तपासणी कर्नलच्या आधाराने सुरू केली आणि सहीचा नियम वापरण्याजोगा केला: अमुक कंपनीचं अमुक उत्पादन, या व्हर्जनपासून पुढचं सगळं चालेल. दर अपडेटची कटकट गेली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही सर्वात शहाणी कल्पना. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये याहून कडक डिव्हाइस गार्ड आलं. त्याच्या धोरणाचं नाव आधी विंडोज डिफेंडर ॲप्लिकेशन कंट्रोल झालं, मग ॲप कंट्रोल फॉर बिझनेस. नावं बदलण्यात मायक्रोसॉफ्टचा हात कुणी धरणार नाही!

एवढं होऊनही २०१६ मध्ये केसी स्मिथने दाखवलं की 'रेजएसव्हीआर३२' हा विंडोजचाच, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा प्रोग्राम इंटरनेटवरून परकी स्क्रिप्ट आणून चालवतो. ॲपलॉकर बघत राहतो. म्हणजे ओळख अगदी खरी, पण हातातलं काम दुसऱ्याचं.

म्हणून मायक्रोसॉफ्ट आता स्वतःच्याच कोणत्या प्रोग्राम्सना अडवावं याची यादी प्रसिद्ध करतं. त्यात एमएसबिल्ड आहे, विनडीबीजी आहे, अगदी डॉटनेटसुद्धा... म्हणजे आपली रोजची भाजी-भाकरी. एमएसबिल्डपुढे मात्र खास टीप आहे: डेव्हलपमेंटच्या मशीनवर चालू ठेवा, बाकीच्यांकडे बंद करा. तेव्हा सगळ्यात जास्त सूट मिळते ती आपल्याच मशीनला, आणि कंपनीचा सोर्स कोडही नेमका त्याच मशीनवर असतो.