भेदविवर्धक (ऑप-ॲम्पवर आधारित मंडलाची आखणी)

दोन आदानांवरील विद्युत् दाबांमधील फरक तेवढा वाढवून देणाऱ्या आणि दोन्हींवर सारखाच असलेला दाब वगळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मंडलाला भेदविवर्धक किंवा डिफरन्शियल ॲम्प्लिफायर म्हणतात. त्याचा गाभा असलेल्या ऑप-ॲम्पचे, म्हणजे क्रियात्मक विवर्धकाचे, नाव जॉन रॅगझिनी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४७ सालच्या लेखातून रूढ झाले, आणि फेअरचाइल्ड कंपनीने १९६८ मध्ये आणलेल्या ७४१ या चिपमुळे तो सर्वत्र पोहोचला.

मूळ मंडलात एक ऑप-ॲम्प व चार रोधक, म्हणजे रेझिस्टर, असतात. पहिले आदान एका रोधकातून ऋण टोकाला जाते व निर्गमाकडून परतणारा प्रतिभरण रोधक त्याच टोकाला मिळतो. दुसरे आदान तेवढ्याच रोधकातून धन टोकाला येते आणि तेथून प्रतिभरणाएवढाच रोधक भूसंपर्काला जोडलेला असतो. दोन्ही बाजूंची गुणोत्तरे तंतोतंत सारखी असतील तर आदानांतील फरकाला प्रतिभरण रोध व आदान रोध यांच्या गुणोत्तराने गुणले असता निर्गम दाब मिळतो. १ व १०० किलोओहम घेतल्यास विवर्धन १०० पट होते. गुणोत्तरे जराही वेगळी असली की सामायिक दाबाचा काही अंश निर्गमात शिरतो. हा दाब मंडल किती चांगला वगळते ते सीएमआरआर या गुणोत्तराने मोजतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील देवगाव रंगारी परिसरात मका किंवा कापूस इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो, तेव्हा हेच गणित कामाला येते. काट्याच्या पाटाखालील लोडसेल या भारसंवेदकात व्हीटस्टन सेतू असतो; त्याला ५ व्होल्ट दिले की दोन्ही निर्गम तारांवर प्रत्येकी सुमारे २.५ व्होल्ट राहतात, आणि व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देणाऱ्या सेलवर पूर्ण भार असतानाही तारांमधील फरक जेमतेम १० मिलिव्होल्ट होतो. विवर्धन १०० असलेल्या मंडलात १ टक्का सहनसीमेचे रोधक वापरले, तर सर्वांत वाईट स्थितीत सीएमआरआर सुमारे २५००, म्हणजे ६८ डेसिबल, मिळते. परिणामी २.५ व्होल्टच्या सामायिक दाबातून आदानाच्या हिशेबात १ मिलिव्होल्टची चूक उपजते, जी १०० किलोच्या काट्यावर तब्बल १० किलोची ठरते; ०.१ टक्क्याचे रोधक घेतल्यास ती १ किलोवर येते. रिकामा काटा शून्यावर आणल्याने ही चूक झाकली जाते खरी, पण पुरवठ्याचा दाब किंवा तापमान हलले की ती पुन्हा डोके वर काढते. म्हणूनच महागडा ऑप-ॲम्प घेऊन भोवती साधे रोधक लावणे ही आखणीतील सर्वांत वाईट काटकसर होय. तापमानाबरोबर एकसारखे बदलणारे, एकाच आवरणातील जुळवलेले रोधक वापरणे श्रेयस्कर असते.

ऑप-ॲम्पची निवडही डोळसपणेच करावी लागते. साध्या ७४१ चे आदानविचलन, म्हणजे आदाने समान असतानाही त्याला जाणवणारा दाबफरक, ६ मिलिव्होल्टपर्यंत जाते, जे १० मिलिव्होल्टच्या संकेतापुढे असह्य आहे. ओपी०७ या ऑप-ॲम्पमध्ये ते १५० मायक्रोव्होल्टच्या आत असते. स्रोताचा रोधही हिशेबात धरावा लागतो, कारण ३५० ओहमच्या सेतूची प्रत्येक तार १७५ ओहमचा स्रोतरोध दाखवते आणि तो १ किलोओहमच्या आदानरोधकात मिळून विवर्धन १०० वरून सुमारे ८५ वर आणतो. यावर उपाय म्हणून दोन्ही आदानांपुढे एकेक ऑप-ॲम्प लावून बनवलेला उपकरण विवर्धक वापरतात. त्याच्या पहिल्या टप्प्याचे विवर्धन एकाच रोधकाने ठरते आणि स्रोतावर जवळजवळ भार पडत नाही. आजच्या अनेक स्वस्त काट्यांत एचएक्स७११ ही २४ बिटांची चिप असते, जिच्यात १२८ पट विवर्धन आतच केलेले असते.

शेजारी कृषिपंप चालू असला की लांब तारांत ५० हर्ट्झचा गोंगाट शिरतो; दोन्ही तारा पिळून व कवचात घेऊन नेल्यास तो दोन्हींवर सारखा येतो आणि सामायिक म्हणून वगळला जातो. मंडल तयार झाल्यावर दोन्ही आदाने एकत्र जोडून त्यांना २.५ व्होल्ट द्यावेत व निर्गम मोजावा. या जोडणीत तो शून्याच्या जवळ न राहिल्यास ऑप-ॲम्प बदलण्याआधी चारही रोधक तपासावेत.