शिंदखेड्याच्या माळावर उगवलेली छत्री खाता येते का? जंगली अळंबी अशी ओळखतात

दोन-चार चांगले पाऊस पडले की शेताच्या बांधावर, उकिरड्यावर, वारुळापाशी एका रात्रीत छत्र्या उगवतात. कुणी त्यांना भूछत्र म्हणतं, कुणी अळंबी, तर कुणी सरळ कुत्र्याची छत्री. मग ग्रुपवर फोटो पडतो आणि खाली प्रश्न येतो, "ही खातात का?"

नुसता फोटो बघून याचं खात्रीचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. का, ते समजून घेऊ.

छत्री म्हणजे नेमकं काय?

बुरशीचं खरं शरीर म्हणजे माती, शेण किंवा लाकडात पसरलेले बारीक धागे. छत्री हे तिचं फळ. बीजाणू पसरवायचे आणि चार दिवसांत सडून जायचं, एवढंच तिचं काम.

कोरड्या खानदेशात कुठे बघायचं?

शिंदखेडा पर्जन्यछायेतला तालुका. तापी, पांझरा, बुराई या नद्या असल्या तरी सह्याद्रीसारखं ओलं जंगल इथे नाही. त्यामुळे छत्री कशावर उगवली आहे, हे आधी बघायचं.

वाळलेल्या लाकडावर पंख्यासारखी, पांढुरकी, केसाळ बुरशी दिसली तर ती बहुधा शिझोफायलम कम्युन. कोरड्या भागात वारुळावर मिटलेल्या छत्रीसारखी दिसते ती पोडॅक्सिस. टर्मिटोमायसिसही वारुळाचीच. उधई तिला जमिनीखाली अक्षरशः शेतीसारखी वाढवते, म्हणून तिचा देठ मुळासारखा खोल जातो. विदर्भात याच गटातल्या अळंबीला 'सात्या' म्हणतात आणि पावसाळ्यात ती चढ्या भावाने विकली जाते.

ओळखायची कशी?

१. फोटो तीन बाजूंनी काढा : वरून, बाजूने आणि खालून. टोपीखाली पापुद्रे आहेत की छिद्रं, हे दिसलं पाहिजे.

२. देठ मोडू नका, मुळापासून उकरा. देठावर कडं आणि बुडाशी पिशवी असेल तर सावध व्हा. जीवघेण्या अमानिटा जातींची ही खूण आहे. छत्री वरून तोडली तर पिशवी मातीतच राहते.

३. टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा. वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा रंग दिसेल. टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर, अमानिटाचा पांढरा, तर क्लोरोफायलम मोलिब्डायटिसचा हिरवट. ही शेवटची गवतात उगवते, दिसायला खाण्यासारखी असते आणि काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू करते.

या खुणांवरून गट कळतो, खाण्याची परवानगी मिळत नाही. मोबाइल ॲपचंही तेच.

हे समज डोक्यातून काढून टाका

"किड्यांनी खाल्ली म्हणजे चांगली", "चांदीचं नाणं काळं पडलं तरच विषारी", "शिजवलं की विष जातं". तिन्ही चूक. माणसाला मारणारी अळंबी गोगलगाय आरामात खाते. अमानिटातलं अमाटॉक्सिन शिजवून, तळून किंवा वाळवून जात नाही.

एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये जंगली अळंबी खाल्ल्याने १३ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक चहामळ्यातल्या कुटुंबांतले होते.

कुणी खाल्लीच तर?

अमाटॉक्सिनचा त्रास लगेच होत नाही. साधारण ६ ते २४ तासांनी उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं. इथेच लोक फसतात. या काळात आतून यकृत निकामी होत असतं. त्यामुळे 'आता बरं आहे' म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, उरलेली अळंबी कागदी पिशवीत सोबत न्या आणि कधी खाल्ली ती वेळ डॉक्टरांना सांगा. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

मग शोधायचंच नाही का?

शोधा की! फोटो, जागा, तारीख आणि बीजाणूंचा रंग यांची नोंद ठेवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथला अभ्यास अशाच नमुन्यांवर उभा आहे. पर्जन्यछायेतल्या माळावरची नीट केलेली नोंदही अभ्यासकांच्या उपयोगी पडू शकते. खाण्यासाठी मात्र बाजारातली लागवडीची धिंगरी किंवा बटन अळंबीच बरी.