लुचेरा : इटलीच्या गव्हाच्या मुलखातले एक विसरलेले मुस्लीम शहर

इटलीला जाणारा आपल्याकडचा प्रवासी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा झुकलेला मनोरा पाहून परततो. नकाशात बुटासारख्या दिसणाऱ्या या देशाच्या टाचेवर, जिथे घोडेस्वाराच्या बुटाला आर लावलेली असते तिथे, फोज्जा नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे ७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे इटलीतल्या मोठ्या प्रांतांपैकी एक. वस्ती मात्र जेमतेम सहा लाख. मधोमध तावोलिएरेचे सपाट मैदान, त्यात गहू, टोमॅटो आणि ऑलिव्हच्या बागा. पूर्वेला समुद्रात घुसलेला गार्गानोचा डोंगर, पश्चिमेला अपेनाइन्सच्या टेकड्या आणि त्यांवर बसलेली छोटी गावे.

या प्रांतात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्यातले एक ठिकाण असे आहे की, ज्याची गोष्ट कळल्याशिवाय युरोपातल्या मुसलमानांचा इतिहास पुरा होत नाही. आपण अंदालुसियाबद्दल बोलतो. कुर्तुबा आणि ग्रॅनाडाची नावे उर्दू शायरीपासून मराठी प्रवासवर्णनांपर्यंत सगळीकडे येतात. लुचेराचे नाव मात्र कुणी घेत नाही. तेराव्या शतकात पोपच्या राज्याच्या उंबरठ्यावर असलेल्या या शहरात जवळजवळ सगळी वस्ती मुसलमानांची होती. तिथे जाहीरपणे अजान होत असे आणि जुम्म्याची नमाज पढली जात असे.

सिसिलीहून लुचेराला

या शहराचे मूळ सिसिलीत आहे. इ.स. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अरब-बर्बर फौजा सिसिलीत उतरल्या आणि पुढे हळूहळू सारे बेट त्यांच्या ताब्यात आले. १०७२ मध्ये नॉर्मन लोकांनी पालेर्मो जिंकले, १०९१ पर्यंत बेट पूर्ण घेतले. नॉर्मन राजांनी मुसलमानांना लगेच हाकलले नाही. त्यांना शेतकरी हवे होते, कारकून हवे होते, सैनिक हवे होते. राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात अल् इद्रिसीने जगाचा नकाशा आणि भूगोलाचा ग्रंथ सिद्ध केला, तो याच काळात. मात्र जुन्या मुस्लीम राजवटीत बिगरमुस्लिमांकडून घेतला जाणारा जिझिया आता ख्रिस्ती राजे मुसलमानांकडून घेऊ लागले. लॅटिन कागदपत्रांत तो 'गेसिया' या नावाने येतो. कर तोच, नावही तेच, फक्त देणारा आणि घेणारा यांनी जागा बदलल्या होत्या.

बाराव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतली परिस्थिती बिघडली. मुसलमानांवर हल्ले झाले, बरेच जण बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत गेले आणि तिथून त्यांनी बंड पुकारले. हे बंड मोडण्याचे काम सम्राट फ्रेडरिक दुसरा याने केले. १२२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने बंडखोर मुसलमानांना बायकामुलांसह उचलून मुख्य भूमीवर, फोज्जाजवळच्या लुचेरात आणून वसवायला सुरुवात केली. हे स्थलांतर पुढची दोन दशके टप्प्याटप्प्याने चालले. एकूण पंधरा ते वीस हजार माणसे आणली गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

फ्रेडरिकला आपल्याकडे सहिष्णू राजाचा नमुना म्हणून उभे करण्याची पद्धत आहे. तो अरबी विद्वानांशी पत्रव्यवहार करी. १२२९ मध्ये लढाई न करता, सुलतान अल् कामिलशी तह करून त्याने जेरुसलेम मिळवले. हे सारे खरे आहे. पण लुचेराची सुरुवात सक्तीच्या हद्दपारीने झाली, हेही तितकेच खरे आहे. ज्यांच्या पिढ्या सिसिलीच्या मातीत वाढल्या, त्यांना समुद्रापलीकडे नेऊन टाकले ते त्यांना सुखात ठेवण्यासाठी नव्हे. त्यांना त्यांच्या डोंगरांपासून तोडायचे होते आणि राजाच्या डोळ्यांसमोर ठेवायचे होते.

ऐंशी वर्षांचा संसार

तरीही माणसे जिथे टाकली जातात तिथे संसार मांडतात. लुचेराच्या मुसलमानांनी मैदानात शेती केली. त्यांना नांगरासाठी बैल देण्याचे हुकूम फ्रेडरिकच्या दप्तरात सापडतात. शहरात सुतार होते, शस्त्रे घडवणारे होते, राजाच्या शिकारी जनावरांची देखभाल करणारे होते. त्यांचा काझी होता, मशीद होती, मदरसा होता. आणि त्यांचे तिरंदाज सम्राटाच्या फौजेचा कणा झाले. १२३७ मध्ये उत्तर इटलीतल्या कोर्तेनुओव्हाच्या लढाईत ते होते. पोपने बहिष्काराची धमकी दिली की ख्रिस्ती सैनिक डगमगत. लुचेराच्या तिरंदाजांवर त्या धमकीचा काहीच परिणाम होत नसे. सम्राटाला ते का हवे होते, याचे अर्धे उत्तर इथे मिळते.

पोपना हे शहर सतत खुपत राहिले. १२३३ मध्ये पोप ग्रेगरी नववा याने तिथे डोमिनिकन धर्मप्रचारक पाठवण्याची व्यवस्था केली. फ्रेडरिकने त्याला हरकत घेतली नाही. पण धर्मांतराची सक्तीही केली नाही.

१२५० मध्ये फ्रेडरिक वारला. त्याचा मुलगा मानफ्रेद १२५४ मध्ये संकटात सापडला, तेव्हा त्याने आसरा शोधला तो लुचेरात. शहराच्या लोकांनी त्याला आत घेतले, आणि तिथल्या खजिन्याच्या बळावर तो पुन्हा उभा राहिला. १२६१ मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्स याने इब्न वासिल या विद्वानाला मानफ्रेदकडे वकील म्हणून पाठवले. इब्न वासिलने नोंदवून ठेवले आहे की, आपण राहत होतो तिथून जवळच लुचेरा नावाचे शहर आहे, तिथले सारे लोक सिसिलीचे मुसलमान आहेत आणि तिथे इस्लामचे आचार उघडपणे पाळले जातात. मानफ्रेदच्या छावणीतही अजान होत असे, असे तो सांगतो. इब्न वासिलने तर्कशास्त्रावरचा एक ग्रंथ मानफ्रेदसाठी लिहिला.

१३०० चा ऑगस्ट

१२६६ मध्ये बेनेव्हेन्तोच्या लढाईत मानफ्रेद मारला गेला. पोपच्या पाठिंब्याने आलेल्या अंजूच्या चार्ल्सने राज्य घेतले. लुचेराने १२६८ मध्ये बंड केले, दीर्घ वेढा सोसला आणि १२६९ मध्ये शरणागती पत्करली. नव्या राजानेही शहर मोडले नाही. कर भरणारी, लढणारी, शेती करणारी माणसे त्यालाही हवीच होती.

मोडले ते त्याच्या मुलाने. १३०० च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स दुसरा याच्या हुकमावरून जोव्हान्नी पिपिनो या अधिकाऱ्याने लुचेरावर चाल केली. शहर रिकामे करण्यात आले. घरे, धान्य, गुरे जप्त झाली. बहुतेक लोकांना गुलाम म्हणून विकण्यात आले. अनेक जण वाटेतच मेले. काही मोजक्या वजनदार माणसांनी धर्म बदलून आपला बचाव केला. मशीद पाडली आणि शहराला मेरीचे नाव देण्यात आले.

कारण म्हणून धर्माचे नाव पुढे केले गेले. राजा सिसिलीच्या दीर्घ युद्धाने कर्जबाजारी झाला होता, हे त्या हुकमाबरोबर लक्षात घ्यावे लागते. पण याहून खोल कारण कायद्यात दडले होते. या राज्यात मुसलमान आणि यहुदी हे 'राजाच्या खजिन्याचे सेवक' मानले जात. फ्रेडरिकच्या काळात या शब्दांचा अर्थ संरक्षण असा होता : हे माझे आहेत, यांना कुणी हात लावायचा नाही. १३०० मध्ये त्याच शब्दांचा अर्थ निघाला : हे माझे आहेत, म्हणून मी यांना विकू शकतो. कायदा तोच राहिला. फक्त राजाची गरज बदलली.

आज काय पाहाल?

फोज्जाहून लुचेरा वीसेक किलोमीटरवर आहे. छोटी रेल्वेही जाते. गावाच्या टोकाला टेकडीवर किल्ला आहे. सुमारे ९०० मीटर घेराची तटबंदी अंजूच्या चार्ल्सने बांधली. आत फ्रेडरिकच्या महालाचा फक्त पाया उरला आहे. महालाचे अवशेष अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत बरेच उभे होते. मग बांधकामाच्या दगडांसाठी तेही पाडले गेले. तटावरून चारी बाजूंना मैदान दिसते. जूनमध्ये ते कापणीला आलेल्या गव्हाने पिवळे झालेले असते.

गावाच्या मध्यभागी सान्ता मारियाचे कॅथेड्रल आहे. १३०० च्या विध्वंसानंतर लगेच ते उभे राहिले. ते मशिदीच्या जागेवर आहे, असे मानले जाते. इमारत साधी आणि देखणी आहे. थोडे बाहेर सम्राट ऑगस्टसच्या काळातले रोमन रंगमंडल आहे. ते १९३० च्या दशकात पुन्हा उजेडात आले. गावच्या संग्रहालयात रोमन काळापासूनच्या वस्तू आहेत. रोमन, मुसलमान, फ्रेंच असे एकामागून एक थर या लहानशा गावात सापडतात.

जवळच त्रोया आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवरची गोल खिडकी जरूर पाहावी. अकरा पाकळ्यांची ही खिडकी, आणि प्रत्येक पाकळीत दगडाची वेगळी जाळी. आपल्याकडच्या जुन्या मशिदी-दर्ग्यांच्या जाळ्या पाहिलेल्या डोळ्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. चर्चच्या भिंतीत अरबी वळणाची ही नक्षी कुणालाही खटकलेली नाही. हात कुणाचे होते याची नोंद नाही, हुन्नर मात्र टिकला.

फोज्जा शहरात फ्रेडरिकच्या १२२३ च्या महालाची एक कमान शिलालेखासह संग्रहालयाच्या भिंतीत जपलेली आहे. बाकीचे शहर १७३१ च्या भूकंपात आणि १९४३ च्या बॉम्बवर्षावात बरेचसे गेले. तोर्रेमाज्जोरे गावाजवळ कास्तेल फिओरेन्तिनोचे अवशेष आहेत. फ्रेडरिक तिथे वारला. 'फुलाच्या नावाच्या ठिकाणी तुला मरण येईल' असे भाकीत ऐकून तो आयुष्यभर फ्लॉरेन्स टाळत राहिला आणि शेवटी फिओरेन्तिनोत गेला, अशी दंतकथा आहे.

पश्चिमेच्या टेकड्यांत फाएतो आणि चेल्ले दी सान व्हितो ही दोन चिमुकली गावे आहेत. इथले लोक आजही फ्रँको-प्रोव्हान्साल बोली बोलतात. लुचेराला वेढा घालायला अंजूच्या चार्ल्सने आणलेल्या सैनिकांचे हे वंशज, असे परंपरा सांगते. वेढा घालणाऱ्यांची भाषा साडेसातशे वर्षांनंतरही चुलीपाशी जिवंत आहे. वेढ्यात सापडलेल्यांची अरबी एका पिढीत विकली गेली.

पूर्वेला गार्गानोवर मोंते सान्तान्जेलो हे तीर्थ आहे. गुहेतले हे मंदिर संत मायकेलचे. मुसलमान ज्यांना हजरत मिकाईल म्हणतात तेच हे फरिश्ते. गुहेचे कांस्य दरवाजे १०७६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून आले. २०११ पासून हे स्थळ जागतिक वारशात आहे. खाली समुद्रकाठी मानफ्रेदने वसवलेले मान्फ्रेदोनिया, आणि शेजारी सिपोंतो. सिपोंतोच्या जुन्या चर्चजवळ २०१६ मध्ये एका कलावंताने पडलेल्या प्राचीन बासिलिकेचा आकार नुसत्या तारेच्या जाळीतून हवेत उभा केला आहे.

व्हिएस्तेचा दगड

या प्रांतात मुसलमान वाचकाने मुद्दाम पाहावे असे आणखी एक ठिकाण आहे. गार्गानोच्या टोकावरच्या व्हिएस्ते गावात 'कियांका आमारा', म्हणजे कडू दगड, आहे. १५५४ मध्ये उस्मानी आरमाराचा सरदार तुर्गुत रईस याने हे गाव लुटले. कामाच्या माणसांना गुलाम करून नेले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची मुंडकी या दगडावर उडवली, असे गाव सांगते. १६२० मध्ये मान्फ्रेदोनियावरही असाच हल्ला झाला.

लुचेराची हकिकत सांगून व्हिएस्तेपाशी गप्प बसणे हा इतिहास नव्हे, ती वकिली झाली. बाजारात उभ्या केलेल्या लुचेराच्या आईचे आणि जहाजात कोंबलेल्या व्हिएस्तेच्या आईचे दुःख धर्मावरून वेगळे करता येत नाही. दोन्हीकडे माणसाचा भाव ठरवला गेला, आणि दोन्हीकडे ठरवणाऱ्याने देवाचे नाव घेतले.

शेतात आज कोण आहे?

तावोलिएरेला बाहेरचे हात नेहमीच लागले. पूर्वी अब्रुझ्झोच्या डोंगरांतून मेंढपाळ दर हिवाळ्यात कळप घेऊन उतरत. त्यांच्याकडून कर घेणारी कचेरी १४४७ ते १८०६ एवढा काळ चालली. आज टोमॅटोच्या हंगामात माली, गाम्बिया, सेनेगलसारख्या देशांतून आलेले मजूर इथे राबतात. त्यांतले पुष्कळ मुसलमान आहेत. ते पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या झोपड्यांत राहतात, मुकादम त्यांची मजुरी कापतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन रस्ते अपघातांत शेतावरून परतणारे सोळा मजूर मेले. मुकादमी शोषणाविरुद्ध इटलीत २०१६ पासून कडक कायदा आहे. शेतमजुरांचे मोठे पुढारी जुझेप्पे दी व्हित्तोरियो याच प्रांतातल्या चेरिन्योलाचे. तरीही झोपड्या आहेतच.

म्हणून लुचेराच्या तटावर उभे राहून फक्त भूतकाळाचे उसासे टाकू नयेत. त्या शहराला ऐंशी वर्षे अभय मिळाले. ते उपयोगी असण्याच्या बदल्यात मिळालेले अभय होते. राजा भला होता तोवर अजान चालली, राजाला पैसे हवे झाले तेव्हा अजान देणाराच विकला गेला. अल्पसंख्याकाला राजाच्या मर्जीपेक्षा बळकट असे काहीतरी हवे असते : कुणाच्या खजिन्यात ज्याची नोंद नाही असे नागरिकत्व, आणि उपयोग संपला तरी न संपणारा हक्क. खाली दिसणाऱ्या गव्हात आणि टोमॅटोत राबणाऱ्या माणसांना आजही नेमके तेच हवे आहे.