टायगर रणगाड्याची प्रतिकृती

जर्मनीचा टायगर-१ हा अवजड रणगाडा १९४२ मध्ये युद्धात उतरला. वजन सुमारे ५७ टन, तोफ ८८ मिलिमीटरची. एकूण सुमारे १,३५० टायगर तयार झाले. आज मोजकेच उरले आहेत. ट्युनिशियात १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलेला ‘टायगर १३१’ इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आहे.

टायगरच्या प्रतिकृती प्रामुख्याने १:३५ प्रमाणात मिळतात. हे प्रमाण जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीच्या १९६१ च्या पँथर रणगाड्याच्या प्रतिकृतीतून रूढ झाले. त्यात मोटर व बॅटरी मावावी, यावरून आकार ठरला होता. या प्रमाणात तोफेसह साडेआठ मीटरांचा टायगर सुमारे २४ सेंटिमीटरांचा होतो. पुढे अचूकतेला महत्त्व आले आणि चालणारे खेळणे संग्राह्य प्रतिकृती बनले.