आधीच कळलं तर?

आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय संपवायची पद्धत आहे. चष्मा सापडेना, तीच गोष्ट चौथ्यांदा सांगून झाली, की घरातले हसतात आणि आपापल्या कामाला लागतात. काही घरांत मात्र ते हसणं हळूहळू बंद होतं. हे विसरणं नुसतं वयाचं, की कशाची तरी सुरुवात? हे वेळेवर ओळखता येईल का, याचा इतिहास गेले काही दिवस वाचतोय. आणि गंमत म्हणजे हा इतिहास उलटा चालतो. आधी शवविच्छेदन, मग निदान आणि सगळ्यात शेवटी भाकीत!

नोव्हेंबर 1901. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. आलोइस अल्झायमर यांच्यासमोर ऑगस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई बसली होती. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच नाव सांगे. 1906 मध्ये ती वारली. तिच्या मेंदूचे पातळ काप रंगवून पाहिले, तेव्हा अल्झायमरना पेशींबाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी दिसल्या. पुढे कळलं की डाग अमायलॉईड नावाच्या प्रथिनाचे आणि गाठी टाऊच्या. पण हे सगळं कळायचं माणूस गेल्यावर. 1984 साली ठरलेल्या अमेरिकन निकषांतही जिवंत माणसाला फार तर 'बहुधा अल्झायमर' एवढंच म्हणता येत होतं. खात्री हवी तर मेंदूचा तुकडाच तपासायचा!

बरं, पूर्ण स्मृतिभ्रंश नाही, पण वयाच्या मानाने विसरणं जास्त आहे, अशा मधल्या लोकांचं काय? 1999 मध्ये मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी या अवस्थेचं नीट वर्णन केलं. माईल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, थोडक्यात एमसीआय. अशा शंभरांपैकी दरवर्षी साधारण 10 ते 15 जण स्मृतिभ्रंशाकडे सरकतात. पण ते कोण, हे नुसतं बोलून कळत नाही.

उत्तर निघालं मणक्यातल्या पाण्यात. अमायलॉईड मेंदूत साचायला लागलं की त्या पाण्यात ते कमी उतरतं. मोरीत गाळ अडकला की पुढच्या नळीतून कमी येतो ना, तसंच! टाऊ मात्र पाण्यात वाढतं. स्वीडनमधल्या माल्मो इथे एमसीआय असलेल्या 137 जणांचं हे पाणी तपासून चार ते सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष 2006 मध्ये आले. 57 जणांना अल्झायमर झाला, 21 जणांना इतर प्रकारचा स्मृतिभ्रंश आणि 56 जण होते तसेच राहिले. ज्यांना पुढे अल्झायमर झाला, त्यांच्यापैकी 95 टक्के लोकांच्या पाण्यात ती खूण सुरुवातीलाच होती!

दरम्यान 2002 मध्ये उप्सालात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉईड स्कॅनवर दिसलं. आणि मे 2025 मध्ये अमेरिकेत रक्तावरच्या पहिल्या चाचणीला मान्यता मिळाली. तीही 55 च्या पुढच्या, लक्षणं दिसणाऱ्या लोकांसाठी आणि इतर तपासण्यांच्या जोडीने. म्हणजे अल्झायमरना मृत्यूनंतर जे दिसलं, त्याचा सुगावा आता एका सुईत लागतो.

इथवर वाचून मी खूश झालो. मग त्या 56 जणांचा विचार आला. त्यांचंही विसरणं तसंच होतं. खूण सापडूनही त्या काळात आजार झाला नाही, असेही काही होतेच. टक्केवारी शंभर जणांची असते, रिपोर्ट मात्र एकाच्याच हातात पडतो. आणि आपल्याकडे तर तो बहुतेक वेळा आधी मुलाच्या हातात पडतो! "आईला सांगू नका हं डॉक्टर" हे वाक्य कुठल्या घरात ऐकू आलं नसेल?

डीएनएची रचना शोधणाऱ्या जोडीतले जेम्स वॉटसन 2007 मध्ये स्वतःची सगळी जनुकं जगासमोर मांडायला तयार झाले. फक्त एक सोडून. अल्झायमरची जोखीम सांगणारं अपोई हे जनुक त्यांनी वगळायला लावलं. त्यांना ते स्वतःलाही कळायला नको होतं. तेव्हा ते 79 वर्षांचे होते.

मला त्यांचा निर्णय भित्रेपणाचा वाटत नाही. तेव्हा कळूनही करण्यासारखं फारसं नव्हतं. आज थोडं वेगळं आहे. 2023 पासून अमेरिकेत सुरुवातीच्या अवस्थेत आजाराचा वेग थोडा कमी करणारी औषधं मिळतात, पण महाग आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असलेली. शिवाय विसरण्यामागे बी-12 ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्यही असू शकतं. ते आधी पाहायलाच हवं, त्यावर उपाय आहेत.

तेव्हा माझं मत एवढंच, की तपासणी करायची का आणि निकाल कोणाला सांगायचा, हे ज्याची आठवण पणाला लागली आहे त्यालाच विचारावं. तेही तो अजून नीट उत्तर देऊ शकतोय तोवर. एमसीआयच्या टप्प्यावर हे विचारता येतं. नंतर उशीर होतो.

असो. तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला आधी कळलेलं आवडेल का? आणि घरात हा प्रश्न कधी कुणाला विचारलाय का?